दुखायचं थांबलं तेव्हा

“हे स्ट्रँग्युलेशन आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिरूरच्या सरकारी दवाखान्यात, हिरव्या पडद्याच्या आत, त्यांनी माझ्या नवऱ्याच्या जांघेवरचा हात काढला आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. तोवर त्या यांच्याशी आणि सासऱ्यांशीच बोलत होत्या.

मी चौथी शिकलेली. शब्द मला कळला नाही, पण बाईंचा आवाज कळला. सकाळपासून सगळ्या पेशंटांवर खेकसणारी ती बाई एकदम हळू बोलायला लागली होती.

“म्हंजी काय व्हो, बाई?” मी विचारलं.

त्यांनी टेबलावरची बँडेजची पट्टी घेतली, स्वतःच्या बोटाला गुंडाळली आणि आवळली. बोटाचं टोक आधी लाल झालं, मग जांभळं पडायला लागलं. “हे बोट म्हणजे आतडं समज. पोटाच्या भिंतीला खाली एक भोक आहे. त्यातून आतडं बाहेर आलंय आणि त्या भोकानंच त्याला फास दिलाय. आता तिथं रक्त जात नाही. पट्टी सोडली नाही तर बोट मरेल ना? तसं आतडं मरतं. आणि मेलेलं आतडं पोटात घेऊन माणूस जगत नाही.”

पट्टी सोडून त्या बोट चोळत राहिल्या. आमच्या यांची पट्टी सोडायला तिथं कुणी नव्हतं. त्या दवाखान्यात सर्जन नव्हता.

हे मी सांगते आहे ते आमच्यासारख्या घरांसाठी. जिथं खोकला, ताप, हगवण सगळं चारचौघांत बोलतात, पण जांघेतली गाठ म्हटलं की माना खाली जातात. ज्यांना ऐकून लाज वाटेल त्यांनी तर जास्तच ऐका.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, पण भीमेच्या अंगाला. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन हंगाम झाले होते, ऊस पुन्हा उभा राहिला होता. आमचे हे पाटलांच्या गुऱ्हाळावर गुळव्या. गुळव्या म्हणजे रस कधी पाकाला आला, काहील, म्हणजे रसाची भली मोठी कढई, कधी उतरवायची, हे ठरवणारा माणूस. तो ‘उचला’ म्हणाला की चौघंसहा जण दांड्याला धरून ती कढती काहील चुलाणावरून उचलतात. एकदा उचलली की खाली ठेवेपर्यंत कुणी हात सोडायचा नाही, अडखळायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. सोडला तर पाक अंगावर. आणि गुळव्यानं पुढची बाजू धरायची, ही आमच्याकडची रीत. सासऱ्यांनी तीस हंगाम धरली, मग यांनी.

यांच्या उजव्या जांघेत गाठ आली ती आमच्या लग्नानंतर चार-पाच वर्षांनी. लिंबाएवढी. उभं राहिलं की बाहेर, आडवं झालं की आत. इंग्रजीत हर्निया म्हणतात, आपल्याकडं अंतर्गळ. मी म्हटलं, दाखवून या. तर हे म्हणाले, “आबांनी सांगितलंय काय करायचं ते.”

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी सांगितलेलं असं : उसाच्या चिपाडाच्या ढिगावर उताणं पडायचं, पाय वर करायचे, दम सोडायचा आणि बोटांनी हळूहळू आत दाबायचं. गुडगुड आवाज होऊन गाठ आत गेली की फडक्याची घडी ठेवून वरनं लंगोट कसायचा. मग घ्या काहील. आबांना हे इतकं बारीकसारीक कसं ठाऊक, हे मी कधी विचारलं नाही. सून होते, सासऱ्यांपुढं तोंड उघडायची चाल नव्हती. आबांना खोकला आला की ते डाव्या जांघेवर मूठ दाबून खोकायचे. मला ती त्यांची खोड वाटायची. कुणी खोकताना भिंत धरतं, कुणी कंबर.

अशी चार वर्षं गेली. गाठ आत जात होती तोवर आम्ही तिला आजार मानलंच नाही. नंतर दौंडच्या सर्जननी सांगितलं, आत जाणाऱ्या गाठीला रिड्युसिबल म्हणतात. म्हणजे ती बरी झाली असं नाही, ती अजून वेळ देते आहे एवढंच.

त्या दिवशी काहील उतरवली आणि यांची गाठ आत जाईना. चिपाडावर दोनदा निजून बघितलं. मग माणसानं काय करावं? लंगोट अजून कसला आणि पुढची काहील घेतली! मला हे कळलं तेव्हा इतका संताप आला होता, की पोट फाडायच्या आधी यांचं डोकंच फोडावंसं वाटलं. दुपारी उलटी झाली. गडी म्हणाले पित्त असेल. संध्याकाळी दोघांनी धरून घरी आणलं.

आबांनी दार लावून घेतलं. मी बाहेर ओट्यावर. आतून यांचं विव्हळणं ऐकू येत होतं, मधेच आबांचं “सोड, दम सोड.” आबा आपल्या हातानं ती गाठ आत रेटत होते. मग यांनी जी किंकाळी फोडली, ती ऐकून शेजारची माणसं धावत आली. तरी आबा दार उघडून म्हणाले, “काय न्हाई, वात धरलाय.” आणि मला एरंडेल आणायला सांगितलं.

एरंडेल पोटात टिकलं नाही. सकाळपर्यंत उलट्या हिरव्या झाल्या. ना शौचाला, ना वारा सरायला. पोट नगाऱ्यासारखं ताणलं. म्हणून कळवळून सांगते : गाठ आत जात नसेल, उलट्या होत असतील, तर दाबू नका, चोळू नका, जुलाबाचं काही देऊ नका. काही म्हणजे काही नाही. सरळ दवाखाना.

सकाळी पाटलांनी स्वतः जीप काढली आणि आम्ही शिरूरला गेलो. आता बघा कशी गंमत. मरणाच्या दारात पडलेला माणूस, पण टेबलाशी बाई डॉक्टर दिसल्यावर त्यानं धोतराची गाठ दोन्ही हातांनी गच्च धरली.

“कुठं दुखतंय?”

“पोटात.”

“कुठं गाठबीठ आहे का?”

“न्हाई.”

“वात हाय, बाई,” आबा म्हणाले. “येक सुई द्या, उतरंल.”

बाईंनी वरवर पोट दाबून बघितलं. बाहेर पेशंटांची ही रांग. त्या कागदाकडं वळल्या, आणि मला वाटलं, झालं. आता सुई मारतील, आम्ही घरी जाऊ आणि हा माणूस माझ्यासमोर मरेल. दोघं बापलेक मरतील पण बोलायचे नाहीत.

“गाठ हाय, बाई,” मी पदर सावरून म्हटलं. “उजव्या जांघंत. चार वर्सं झाली. कालधरनं आत जायना.”

यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांना चावडीवर उघडं केलं. आबांचा चेहरा लालबुंद. “सूनबाई,” ते दातांवर दात धरून म्हणाले, “भायेर जा.”

मी गेले नाही. बाईंनी यांचे हात धोतरावरून बाजूला केले आणि मग तो शब्द उच्चारला.

पुण्याला फोन लागेना. दौंडला लागला. तिथल्या खाजगी दवाखान्यातले सर्जन ऑपरेशनला तयार झाले. पाटील आणि आबा जीप दाराशी आणायला गेले, तेवढ्यात बाईंनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं.

“तू बोलतेस, म्हणून तुलाच सांगते. वाटेत तो ओरडेल. ओरडू दे. घाबरू नकोस. पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. पण एकाएकी दुखायचं थांबलं, बरं वाटतंय म्हणाला, तर आनंद मानू नकोस. आतडं मेलं की ते दुखत नाही. तसं झालं तर गाडी आणखी पळवायला सांग.”

एवढं बोलून त्या पुढच्या पेशंटावर खेकसायला गेल्या. त्या माउलीचे पाय धरायला मी नंतर गेले होते, तर म्हणाल्या, “वाट सोड, रांग बघ केवढी आहे.”

जीपमध्ये मागं गोधडी टाकून यांना निजवलं. डोकं माझ्या मांडीवर. आबा पुढं पाटलांच्या शेजारी बसले, माझ्याकडं पाठ करून. रस्ता कसला, नुसती खडी. प्रत्येक खड्ड्याला हे ओरडायचे, आणि मी, सख्खी बायको, मनात म्हणायची, देवा, ओरडू दे. असं आधी कधी कुणासाठी मागितलं नव्हतं. पाटील मागं बघून म्हणायचे, “सावकाश घेऊ का?” मी म्हणायची, “न्हाई, पळवा.”

न्हावरं मागं पडलं. पुढं एक मोठा खड्डा आला, जीप आदळली, माझंच डोकं वर टपाला लागलं.

हे ओरडले नाहीत.

मी खाली बघितलं. डोळे उघडे होते. चेहऱ्यावरच्या आठ्या गेल्या होत्या. लग्नात होते तसे दिसत होते, शांत. “थांबलं गं,” ते म्हणाले. “उतरलं समदं. वाईच च्या मिळंल का कुठं?”

आबांनी वळून बघितलं आणि तिथंच हात जोडले. “येमाई पावली! कवठ्याला जाऊन नारळ फोडतो. पाटील, म्होरल्या फाट्याला घराकडं वळवा. आता कशाला ती कापाकापी?”

पाटलांच्याही जिवात जीव आला. त्यांनी जीप हळू केली. फाटा दिसत होता. लिंबाखाली दोन माणसं एसटीची वाट बघत उभी होती, ऊन छान पडलं होतं, आणि जीपमधली तिन्ही माणसं खूश होती. मी एकटी थंडगार पडले होते. क्षणभर मलाही मोह झाला हो, खोटं कशाला बोलू? वाटलं, बाईंचं चुकलं असेल. माणूस तर हसतोय.

मग मी यांच्या कपाळावर हात ठेवला. घाम होता, पण गार. मनगट धरलं, तर नाडी बोटांखाली सापडेना, सापडली ती नुसती फडफडत होती.

“गाडी वळवायची न्हाई,” मी म्हटलं.

“सूनबाई...”

“न्हाई म्हंजी न्हाई, आबा! वळवलीसा तर मी चालत्या गाडीतनं उडी टाकीन. डॉक्टरीणबाईंनी मला बजावून सांगितलंय. दुखायचं थांबलं म्हंजी आतडं मेलं. हे बरं झाल्याचं न्हाई, हे मरायला लागल्याचं हाय!”

यांच्या कानावर ते पडलं. हसू तसंच राहिलं आणि डोळे भ्याले. मला तसं बोलायचं नव्हतं, पण बोलण्यावाचून इलाज नव्हता.

“आबा,” मी म्हटलं, “तुमच्या ल्योकाचा हात धरून बघा.”

आबांनी मागं वाकून हात धरला. कितीतरी वेळ धरला. फाटा जवळ आला, जीप जवळजवळ थांबलीच होती. मग आबांना खोकला आला, डावी मूठ जांघेवर गेली, आणि खोकला ओसरल्यावर ते पाटलांना म्हणाले, “सरळ चला. बिगी बिगी चला.”

भीमा ओलांडली, दौंड आलं, आणि रेल्वेचं फाटक बंद! मालगाडी चालली होती, डब्यामागं डबा, संपायचं नावच घेईना. हे पेंगायला लागले. मी गालावर चापट मारली. “अवो, झोपू नका. अवो!” ऐकेनात. शेवटी मी त्यांचं नाव घेऊन हाक मारली, सासऱ्यांसमोर, पाटलांसमोर. आधी ते नाव फक्त उखाण्यात घेतलं होतं. डोळे उघडले. आबा मागं न बघता म्हणाले, “मार अजून हाक. थांबू नगंस.”

सर्जन दवाखान्याच्या दारातच उभे होते. मध्यम वयाचे, बुटके, चष्म्याला दोरा बांधलेला. त्यांनी एकच विचारलं, “दुखायचं कधी थांबलं?”

“न्हावऱ्याच्या पुढं,” मी म्हटलं.

ते वळून नर्सला म्हणाले, “थिएटर.” मग आबांना समोर बसवून सांगितलं, “गँगरीन झालं असणार. म्हणजे आतड्याचा तुकडा कुजायला लागलाय. तो कापून दोन्ही टोकं जोडावी लागतील, त्याला रिसेक्शन म्हणतात. फुटलं असेल तर घाण सगळ्या पोटात पसरली असेल, मग माझ्या हातात फारसं राहत नाही. जगेल का, ते आत बघितल्याशिवाय मी सांगत नाही.”

आम्ही बाकावर बसलो. म्हणजे मी बसले, आबा खाली फरशीवर. स्टेशन जवळच, इंजिनाची शिटी झाली की दोघंही थिएटरच्या दाराकडं बघायचो, जसं काही ती आतून आली. एक बाई शेजारी बसून कुणाला तरी शिव्या देत भाकरी खात होती. जगात लोक भाकरी खातायत याचाच मला राग येत होता.

ऊन कलल्यावर सर्जन बाहेर आले, हातात पांढरा ट्रे. “जिवंत आहे,” आधी ते म्हणाले. “पुढचे दिवस कठीण आहेत. पण फुटायच्या आत पोचलात.” मग ट्रेवरचं फडकं बाजूला केलं. “हे दाखवतो, कारण लोकांना सांगून पटत नाही.”

करपलेल्या पाकाच्या रंगाचं होतं ते. आणि वास. मी तोंड फिरवलं. आबांनी फिरवलं नाही. गुडघ्यांवर हात टेकून ते वाकले आणि बघत राहिले.

“सायेब, ह्ये हळूहळू हुतं, का येकदम?”

“गाठ वर्षानुवर्षं गप्प असते,” सर्जन म्हणाले. “फास एका खोकल्यात बसतो.”

आबा सरळ झाले आणि बाहेर आवारात गेले. मला वाटलं, रडायला गेले.

पुढचे दिवस माझ्या लक्षात तुकड्या-तुकड्यांनी आहेत. नाकातून पोटात घातलेली नळी, तिला रायल्स ट्यूब म्हणतात. हाताला सलाईन. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. सर्जन रोज सकाळी कानाला लावायची नळी पोटावर टेकवून ऐकायचे आणि विचारायचे, “वारा सरला का?” आतडं जिवंत झालं, हलायला लागलं, याची तीच पहिली खूण. तोंडानं पाणी त्याशिवाय नाही.

काय सांगू, जे घर जांघेचं नाव घेत नव्हतं, ते सगळं घर वारा सरायची वाट बघत बसलं. आबा तर दर घटकेला, “सरला का रं?” शेजारच्या खाटेवरचा म्हातारासुद्धा विचारायला लागला. आणि एका दुपारी सरला! आबा व्हरांड्यात पळत गेले आणि नर्सला ओरडून म्हणाले, “बाई, सरला, सरला!” सगळा वॉर्ड हसला. हे हसताना टाके दुखले म्हणून ओरडले, आणि ते ओरडणं ऐकून मी पदरात तोंड घालून रडले.

मी सर्जनना एकदा विचारलं, तो शब्द नक्की कशाचा? ते म्हणाले, आतड्याची नुसती वाट बंद झाली तर ऑब्स्ट्रक्शन, रक्तही बंद झालं तर स्ट्रँग्युलेशन. “गळा आवळून कुणाला मारलं तर पोलिसांच्या कागदातही हाच शब्द येतो. अर्थ एकच, आवळून जीव घेणं. तिथं आवळणारा सापडतो, आमच्याकडं सापडत नाही.” मी यांच्याकडं बघितलं. कोपऱ्यातल्या पिशवीत यांचे कपडे होते, त्यात तो लंगोट होता. त्याच दिवशी मी तो मागल्या दारी नेऊन जाळला.

घरी सोडायच्या दिवशी सर्जननी बजावलं, काहीलीला सध्या हात लावायचा नाही, आणि पुढं लावला तरी पुढची बाजू दुसऱ्या कुणीतरी धरायची. हे मुकाट्यानं हो म्हणाले. पाटील जीप घेऊन आले होते. मी पिशव्या बांधल्या, नर्सच्या पाया पडले. ती लाजली.

निघताना आबा कुठं दिसेनात. बघते तर सर्जनच्या खोलीच्या दाराशी उभे, टोपी हातात. मला बघून म्हणाले, “सूनबाई, डॉक्टरला म्हनावं, माझंबी वाईच बघा.”

“काय बघायचं, आबा? खोकला?”

त्यांनी डावी मूठ जांघेवर नेली आणि तशीच धरली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती खोड नव्हती. चिपाडावर पाय वर करून निजायचं, दम सोडायचा, घडी ठेवायची, हे सगळं ते पोराला शिकवत होते ते स्वतःच्या अंगावरनं.

मी आत जाऊन सर्जनना सांगितलं. त्यांनी आबांना टेबलावर घेतलं, पडदा ओढला. सुनेनं आता बाहेर जायचं असतं, म्हणून मी वळले.

“सूनबाई,” आतून आबा म्हणाले, “तू भायेर जाऊ नगं. हितंच उभी ऱ्हा. मला समदं सांगता यायचं न्हाई.”

मी पडद्याला पाठ लावून उभी राहिले.

“किती वर्षं आहे ही गाठ?” सर्जननी विचारलं.

मी वाट बघितली. मग म्हटलं, “सांगा, आबा.”

“ह्यो पोरगा जल्मायच्या आधीपासनं,” आबा म्हणाले.